मदत हवी आहे: एकाच फेरीत रानफुलंही आणि पक्षी-प्राणीही कसे बघायचे?

नमस्कार मंडळी,

पायवाटांवर भटकताना दिसतील ती रानफुलं, पक्षी, किडे बघायचा मला नाद आहे. पण फुलांसाठी खाली वाकून रेंगाळावं लागतं, तर पक्ष्यांसाठी मान वर करून, कान देऊन गप्प उभं राहावं लागतं. फुलांत रमलं की पाखरं निसटतात, पाखरांच्या मागे लागलं की पायाखालचं काही दिसत नाही. दोन्ही बघणारे हे कसं जमवतात?

मला एक युक्ती लागू पडली आहे. चांगलं फुललेलं झुडूप गाठायचं आणि तिथेच बसायचं. एकदा पिवळ्या फुलावर एक फुलपाखरू बराच वेळ हललंच नाही. जवळून पाहिलं तर पाकळीआडून खेकडा कोळ्याने त्याला डोक्यामागे धरलं होतं, आणि कोळी फुलाइतकाच पिवळा! यातल्या काही जाती पांढऱ्याच्या पिवळ्या होऊ शकतात, मात्र रंग पालटायला काही दिवस लागतात. अशी बैठक मारायला मला फार आवडतं, पण मग पुढची वाट राहूनच जाते.

पहाटे पक्षी आणि ऊन चढल्यावर फुलं, फुलपाखरं, चतुर, असा क्रम ठेवावा का? अंग तापल्याशिवाय फुलपाखरांना नीट उडता येत नाही, त्यामुळे हे पटतं. पण जी फुलं सकाळीच उमलून दुपारच्या आत मिटतात, ती कधी बघायची?

दुर्बिणीबद्दलही सांगा. माझी 8×42 आहे, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढची भिंगं 42 मिलिमीटरची; पक्ष्यांना उत्तम. पण चतुर दीड मीटरवर येऊन बसला की सगळं धूसर. पेंटॅक्सची पॅपिलिओ ही दुर्बीण अर्ध्या मीटरवरचंही स्पष्ट दाखवते, मात्र तिची पुढची भिंगं 21 मिलिमीटरचीच आहेत. झाडीतल्या अंधूक उजेडात ती पक्ष्यांसाठी पुरते का? कुणी वापरली असेल तर जरूर लिहा.

फुलाचा नुसता समोरून काढलेला फोटो आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदी टाकून ओळख पटवून घ्यायच्या संकेतस्थळावर) टाकला की बऱ्याचदा ओळख कुळापाशीच अडते. म्हणून हल्ली पानांची मांडणी, देठ आणि फुलाची मागची बाजूही टिपतो. सूर्यफुलाच्या कुळात तर बुडाची हिरवी छदंच (फुलाखालची पानांसारखी आवरणं) बऱ्याचदा निर्णायक ठरतात. फूल न तोडता आणखी काय टिपावं?

आणि एक, माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. आयनॅचरलिस्टवर धोक्यातल्या जातींची नेमकी जागा आपोआप झाकली जाते. पण घरटं, बीळ किंवा एखादं देखणं ऑर्किड त्या यादीत नसलं, तर ते उघडंच राहतं. अशा नोंदींची जागा तुम्ही स्वतःहून लपवता का? की फोटो काही महिने थांबून टाकता?