बॅं-मारी म्हणजे नक्की काय?

चमचाभर: चॉकलेट वितळवायच्या रेसिपीत 'बॅं-मारी करा' लिहिलंय, हे काय असतं आणि ही मारी कोण?

उकळी_फुटली: डबल बॉयलरच हो. गरम पाण्यात दुसरं भांडं ठेवायचं, पाणी १०० अंशांच्या वर जात नाही म्हणून चॉकलेट करपत नाही. फक्त वाफेचा थेंब आत पडू देऊ नका, लगेच गोळा होतो.

शब्दकिडा: फ्रेंचमध्ये बॅं म्हणजे स्नान, म्हणजे मेरीची आंघोळ 😀 लॅटिनमधल्या बाल्नेउम मारिएवरून आलंय. आणि ही मेरी स्वयंपाकीण नव्हतीच, प्राचीन इजिप्तमधली ज्यू किमयागार (साध्या धातूंचं सोनं करायचे प्रयोग करणारी) बाई, तिचं स्वतःचं लिखाण उरलं नाही पण झोसिमॉस नावाच्या नंतरच्या किमयागाराने तिचे दाखले दिलेत, या भांड्याचं श्रेय परंपरेने तिलाच देतात.

चमचाभर: म्हणजे प्रयोगशाळेतून थेट स्वयंपाकघरात! भारीच.