उत्तर-प्राचीन काळातील ग्रीक मृत्युलेख: वाचनाची सुरुवात कोठून करावी?

शिलावाचक: सर्वांना नमस्कार. यादवकालीन शिलालेखांच्या वाचनातून या विषयाकडे वळलो आहे. ग्रीक व्याकरणाची प्राथमिक ओळख झाली असून इसवी सनाच्या चौथ्या ते सहाव्या शतकातील ग्रीक मृत्युलेख मुळातून वाचण्याची इच्छा आहे. पद्यलेखांपासून आरंभ करावा असे मनात आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अपरान्त: पद्यलेख तूर्त बाजूला ठेवावेत. त्यांची भाषा होमरच्या शब्दकळेवर पोसलेली असल्यामुळे नवख्याचा निम्मा वेळ कोशातच जातो. त्याऐवजी मृत समुद्राच्या दक्षिणेस, आजच्या जॉर्डनमधील घोर अस-साफी येथे, म्हणजे प्राचीन झोआरा येथे सापडलेले ख्रिस्ती मृत्युलेख घ्यावेत. तीनशेहून अधिक लेखांचा मेइमारिस व क्रितिकाकू-निकोलारोपूलू यांनी संपादित केलेला संग्रह 2005 साली प्रसिद्ध झाला आहे. मृताचे नाव, वय, वर्ष, महिना, बहुधा वारही, आणि पुष्कळदा शेवटी ‘धीर धर, कोणीही अमर नाही’ असा साचा असल्याने दहा-बारा लेखांनंतर पुढच्या लेखात काय येणार याचा अंदाज येऊ लागतो. वर्षे अरबिया या रोमन प्रांताच्या शकातील असून तो 22 मार्च 106 रोजी सुरू होतो. आपल्याला शकात 78 मिळवण्याची सवय असेलच. येथे मार्चअखेर ते डिसेंबरपर्यंतच्या तारखांना 105 मिळवावे, त्यापुढील तारखांना 106. भूकंपात मृत्यू आल्याचे सांगणारे काही लेख 258 या वर्षाचे आहेत, म्हणजे मे 363 मधील त्या मोठ्या भूकंपाचे. तेथीलच ज्यू लेख मात्र अरामी भाषेत असून त्यांची कालगणना जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसापासून होते.

मृण्मयी: झोआराचा सल्ला योग्य आहे, परंतु तेवढ्यावर थांबल्यास कंटाळा येईल, कारण त्या लेखांतून माणसाच्या जगण्याविषयी फारच थोडे कळते. किलिकियाच्या किनाऱ्यावरील कोरिकोस (आजच्या तुर्कस्तानातील किझकालेसी) येथील दगडी शवपेट्यांवर मृताचा व्यवसाय लिहिण्याची प्रथा होती; कुंभार, मद्यविक्रेते, तागाचे कापड विणणारे असे एक गावच्या गाव तेथे भेटते. काल मात्र क्वचितच दिलेला असतो, हे ध्यानात ठेवावे.

अपरान्त: मान्य, पण दुसऱ्या टप्प्यात. कालोल्लेख असलेल्या लेखांवर नजर तयार झाल्याशिवाय कालोल्लेख नसलेल्या लेखाच्या अक्षरवळणावरून अनुमान करणे धाडसाचे ठरते.

टाकीचे घाव: साधनांविषयी थोडे. पॅकार्ड ह्युमॅनिटीज इन्स्टिट्यूटचा ग्रीक शिलालेखांचा जालावरील शोधसंग्रह विनामूल्य आहे, मात्र त्यात केवळ मूळ पाठ मिळतो, भाषांतर नाही. अफ्रोडिसियास या आजच्या तुर्कस्तानातील प्राचीन नगराच्या उत्तर-प्राचीन लेखांची शार्लट रूशे यांची आवृत्ती 2004 पासून जालावर असून तिच्यात भाषांतर व छायाचित्रेही आहेत. दगड आणि छापील पाठ शेजारी ठेवून पाहण्यास त्यापेक्षा सोयीचे काही मला ठाऊक नाही. 1931 साली ठरलेले लायडन संकेत, म्हणजे लेखाचा पाठ छापताना वापरायच्या खुणा, आधी शिकून घ्यावेत. चौकोनी कंसातील अक्षरे संपादकाने भरलेली असतात, गोल कंसात संक्षेप सोडवलेले असतात. हे न पाहता चौकोनी कंसातील नावावर निष्कर्ष उभारणारे लेखन मी वाचले आहे. शिवाय उच्चार बदलल्यामुळे ‘येथे पहुडला आहे’ यासाठीचे ‘एन्थादे केइताइ’ दगडावर ‘कीते’ असेही कोरलेले आढळते. ती सर्वस्वी पाथरवटाची चूक मानू नये.

शिलावाचक: मनःपूर्वक आभार. झोआराच्या संग्रहापासून आरंभ करतो आणि पद्यलेख पुढील वर्षासाठी राखून ठेवतो. मृण्मयीताई, कोरिकोसच्या लेखांसाठी कोणता संग्रह पाहावा?

मृण्मयी: काइल आणि विल्हेल्म यांचा, 1931 चा. टिपणे जर्मनमध्ये आहेत, पण लेख इतके लहान आहेत की त्यांच्याविना सुरुवातीला अडत नाही.