बिगातुस: मराठीत ‘रथछाप’ म्हणावे का?

प्रश्न – रोमन इतिहासावरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात ‘बिगातुस’ हे नाणे वारंवार येते. कोशात ‘एक रोमन चांदीचे नाणे’ एवढेच सापडले. मराठीत काय लिहावे?

उत्तर – ‘बिगा’ म्हणजे दोन घोड्यांचा रथ. ज्या देनारियसच्या, म्हणजे रोमनांच्या नेहमीच्या चांदीच्या नाण्याच्या, मागच्या बाजूला असा रथ हाकणारी विजयदेवता व्हिक्टोरिया किंवा चंद्रदेवता लूना असे, ते बिगातुस. चित्रावरून नाण्याला नाव पडणे आपल्याला मुळीच परके नाही. आपला राणीछाप रुपया होता, पेशवाईतला अंकुशी रुपया होता. मी तर सरळ ‘रथछाप’ लिहीन. त्याच्याच जोडीचे ‘सेर्रातुस’. ‘सेर्रा’ म्हणजे करवत. या नाण्याची कड मुद्दाम दातेरी कापलेली असे. त्याला ‘करवतकाठी’ म्हणा, विदर्भातल्या लुगड्यांमुळे हा शब्द ओळखीचा आहे. रोमन इतिहासकार टॅसिटस इ. स. ९८च्या सुमारास जर्मन टोळ्यांविषयी लिहितो, की त्यांना जुनी, पारखलेली नाणीच आवडतात: करवतकाठी आणि रथछाप. सम्राट नीरोने इ. स. ६४ साली देनारियसचे वजन आणि त्यातली चांदी दोन्ही कमी केली होती, हे लक्षात घेतले की या आवडीतला शहाणपणा दिसतो.

हरकत – ‘रथछाप’ अपुरा वाटतो. देनारियसच्या आधीच्या ‘क्वाद्रिगातुस’वरही रथच होता, ज्युपिटरचा, चार घोड्यांचा. नुसते ‘दुघोडी’ का नको?

उत्तर – त्याने घोटाळा होईल. इ. स. पू. २११च्या सुमारास निघालेल्या पहिल्या देनारियसवर पुढे शिरस्त्राण घातलेली नगरदेवता रोमा आणि मागे कॅस्टर-पोलक्स हे जुळे घोडेस्वार आहेत. घोडे दोन, पण रथ नाही! ‘दुघोडी रथछाप’ आणि ‘चौघोडी रथछाप’ करा. नाव लांबले तरी चालेल, चित्र चुकता कामा नये.

पुरवणी – त्या पहिल्या देनारियसवर रोमाच्या डोक्यामागे एक फुली असते. तो रोमन दहाचा आकडा. देनारियस म्हणजे ‘दहाचा’, दहा आस किमतीचा; आस हे रोमनांचे हलके नाणे. पुढे किंमत १६ आस झाली, नाव दहाचेच राहिले. आपला संस्कृत ‘दीनार’ त्यातूनच आला, आणि गुप्तकालीन लेखांत तो सोन्याच्या नाण्याला लागला. चित्रांचेही असेच होते. आपल्या ‘छापा की काटा’सारखे रोमन पोरे नाणे उडवताना ‘डोकी की जहाजे’ असे ओरडत, कारण जुन्या कांस्याच्या नाण्यांवर एका बाजूला जानुस देवाचे डोके आणि दुसऱ्या बाजूला जहाजाची नाळ, म्हणजे पुढचे टोक, असे. ती नाणी बंद होऊन शतके लोटली होती, तरी हे नोंदवणारा रोमन लेखक माक्रोबियस याच्या काळात, पाचव्या शतकात, पोरांच्या तोंडी तीच हाक होती.