मदत हवी आहे: ग्रीनहाऊस रात्री गार पडतंय, ऑर्किड वाचवायची आहेत

गच्चीवरचा_गडी
नाशिक. गच्चीवर ६ बाय ८ फुटांचं ग्रीनहाऊस केलंय. आत ४ फॅलेनॉप्सिस (हीच ती ऑर्किड), ३ अँथुरियम, १ मॉन्स्टेरा. काल पहाटे आत ८ अंश! अँथुरियमच्या पानांवर उकडलेल्या पालकासारखे काळपट, ओले डाग पडलेत. बल्ब लावून बघितला, ढिम्म फरक नाही. रात्रीच्या आत काहीतरी सांगा. 'झाडं घरात घ्या' हे प्लीज सांगू नका, घरात जागा नाही.

रानजाई
कसलं ग्रीनहाऊस? काच, प्लास्टिक? बल्ब किती वॅटचा? पाणी कधी घालता?

कुंडीभर_सुख
ऑर्किडला तांदूळ धुतलेलं पाणी द्या. माझ्या डेंड्रोबियमला तीन तुरे आलेत.

निफाडकर
आमच्याकडे पारा उतरला की द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवून धूर करतात, बोअरचं पाणी सोडतात. तुम्ही घमेल्यात कोळसे ठेवा, रात्रभर ऊब राहते.

रानजाई
अहो निफाडकर, बाग उघड्यावर असते! बंद जागेत कोळसे म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. सकाळी दार उघडून आत जाणारा माणूसच आडवा व्हायचा. शिवाय धुरात इथिलीन वायू असतो, ऑर्किडच्या कळ्या गळतात.

निफाडकर
आमच्या आजोबांनी आयुष्यभर शेकोटी केली, नव्वदीपर्यंत ठणठणीत होते.

रानजाई
ते शेकोटीशेजारी बसायचे, प्लास्टिकच्या खोलीत कोंडून घेत नव्हते.

गच्चीवरचा_गडी
भांडू नका हो. बल्ब ९ वॅट, एलईडी. पाणी संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर.

वॅटमोजणी
उंची ७ फूट धरली तर भिंती-छप्पर मिळून २३ चौरस मीटर. एकेरी प्लास्टिकमधून दर चौरस मीटरला, दर अंश फरकामागे ६ वॅटच्या आसपास उष्णता निसटते. बाहेरच्यापेक्षा ८ अंश जास्त हवे तर अकराशे वॅट लागतील. तुमचा बल्ब ९ चा. तुम्ही स्वतः आत जाऊन बसलात तरी जास्त, माणूस बसल्याजागी १०० वॅट देतो. उपाय: २०० लिटरचा पिंप काळा रंगवून, पाणी भरून उन्हात ठेवा. रात्री पाणी १० अंश उतरलं की सव्वादोन युनिट उष्णता फुकट.

थेम्सकाठी
वॅटमोजणी, तुमचाच हिशोब लावतो. सव्वादोन युनिट दहा तासांत म्हणजे सव्वादोनशे वॅट, जेमतेम दीड अंश. त्यासाठी गच्चीवर २०० किलो चढवायचे? इथे इंग्लंडात मी आतून बबल रॅप लावतो. खरं सांगू? फॅलेनॉप्सिस मात्र दिवाणखान्यातच. त्यांना रात्रीही १५-१६ च्या खाली आवडत नाही.

वॅटमोजणी
दीड अंशही अंशच असतो. आणि तुमच्याकडे जानेवारीत ऊनच कुठे असतं पिंप तापायला?

निफाडकर
अवांतर: या थंडीत हुरडा मात्र झकास. कुणी येणार असेल तर सांगा.

रानजाई
धागाकर्ते, ग्रीनहाऊस कशाचं, हे अजून सांगितलं नाहीत.

गच्चीवरचा_गडी
वर प्लास्टिक. बाजूंना हिरवी नेट, पन्नास टक्क्यांची. सगळे अशीच करतात ना?

रानजाई
अरे देवा. ती शेडनेट! ऊन अडवायला असते, थंडी नाही. पिंप ठेवा नाहीतर गिझर बसवा, सगळी ऊब नेटमधून बाहेर. आधी चारही बाजूंना प्लास्टिक लावा. सकाळी ऊन चढलं की उघडायचं, नाहीतर दुपारी झाडं शिजतील. ऊन कलायच्या आत बंद. पाणी सकाळी घाला. संध्याकाळचं पाणी उडताना उरलीसुरली उष्णता घेऊन जातं. आजच्या रात्रीपुरतं सगळ्या कुंड्या एका कोपऱ्यात गोळा करा, भोवती काठ्या रोवून प्लास्टिक, वरून जुनी गोधडी. जागा लहान तेवढी ऊब टिकते. आणि डागाळलेली पानं कापायची घाई नको.

गच्चीवरचा_गडी
गोधडीचं जमवलं. फॅलेनॉप्सिस चारही देवघरात ठेवलीत, बायको बोलत नाहीये. अँथुरियम, मॉन्स्टेरा कोपऱ्यात. आज पहाटे गोधडीखाली १२, बाहेर ७. प्लास्टिक कितीचं घेऊ?

वॅटमोजणी
२०० मायक्रॉन, यूव्हीवालं. साधं घेतलंत तर उन्हाने वर्षभरात चिंध्या होतील. पिंपाचा विचार करा.

कुंडीभर_सुख
तांदळाचं पाणी दिलंत का?