लाज मुलांना नाही वाटत, घरच्यांना वाटते

वर एकांनी लिहिलंय की आजकालच्या मुलांना हात काळे करायची लाज वाटते म्हणून आयटीआय, म्हणजे कारागिरीचे ट्रेड शिकवणारी औद्योगिक प्रशिक्षण संस्था, नको असतं. मला नाही पटत. मी स्वतः फिटर ट्रेड (यंत्राचे भाग घासून-जुळवून बसवायचं काम) केलाय, सुरुवातीला नुसती कानस चालवायची, वाइसमध्ये लोखंडाचा तुकडा धरायचा, काटकोन्या लावून कड सरळ झालीय का बघायचं, फटीतून उजेड दिसला की परत घासायचं, हाताला फोड यायचे पण ज्या दिवशी उजेड दिसला नाही ना, तो आनंद दहावीच्या मार्कांनी कधी दिला नव्हता!

लाज घरातून येते हो. "अभ्यास कर, नाहीतर आयटीआयला टाकीन" हे ऐकत वाढलेलं पोरगं तिथं खुशीनं कसं जाईल? भाचा मला म्हणाला, मामा, मला वाटलेलं आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं. अरे, दोन वर्षांचा ट्रेड केला की इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अ‍ॅडमिशन घेता येते, नाहीतर १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याखाली कंपनीत स्टायपेंड घेत शिकता येतं. त्याच्या वर्गात हे कोणी सांगितलंच नव्हतं. दहावीच्या पोरांना एकदा वर्कशॉप तरी दाखवा, प्रॅक्टिकल चालू असताना, मग विचारा.