सल्ला हवा : हाडाची भरणी करून बसवलेले दाताचे इम्प्लांट किती वर्षे टिकते? (बेळगाव-खानापूर परिसर)

खानापूर_स्टेशनरोड :
नमस्कार. माझ्या वरच्या जबड्यातील डावीकडची पहिली दाढ बऱ्याच वर्षांपूर्वी काढलेली आहे. तेथे इम्प्लांट, म्हणजे हाडात रुतवायचे दाताचे कृत्रिम मूळ, बसवण्याचा विचार असून सीबीसीटी (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रे) स्कॅनमध्ये त्या जागी सुमारे ४ मिलिमीटर उंचीचेच हाड उरल्याचे दिसले. त्यामुळे आधी सायनस लिफ्ट, म्हणजे दाढेवरच्या सायनस पोकळीचे आवरण वर उचलून, त्याखाली हाडाची भरणी, म्हणजे बोन ग्राफ्ट, करावी लागेल असे डॉक्टरांनी सांगितले आहे. वय ५४, मधुमेह आहे, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ७.८. शेजारच्या दोन्ही दातांना पूर्वीच रूट कॅनल करून कॅप बसवलेल्या आहेत. सर्व मिळून बजेट ६० हजारांचे आहे आणि मला सांगितलेला खर्च त्याहून बराच अधिक आहे. ज्यांनी भरणी करून इम्प्लांट बसवले आहे आणि ज्याला किमान पाच वर्षे झाली आहेत, त्यांनी आज त्याची काय अवस्था आहे ते कृपया लिहावे.

टिळकवाडी_पहिलेगेट :
पैशाचा विचार मुळीच करू नका, दात आयुष्यभराचा असतो. मी २०१२ साली पुण्यास जाऊन स्ट्रॉमनचे स्विस इम्प्लांट बसवून घेतले आणि आजही त्याच बाजूने ऊस सोलून खातो. कोरियन किंवा इस्रायली माल स्वस्त पडतो म्हणून घ्याल, तर पुढे दुप्पट खर्च कराल.

यळ्ळूरची_सून :
काका, तुमच्या इम्प्लांटला हाडाची भरणी करावी लागली होती का? विचारणाऱ्यांचा प्रश्न कंपनीचा नसून भरणीचा आहे.

टिळकवाडी_पहिलेगेट :
माझे इम्प्लांट खालच्या जबड्यात आहे आणि हाड उत्तम असल्यामुळे भरणीची गरजच पडली नाही. तरीही स्विस ते स्विसच.

निपाणी_अडतदुकान :
आमचा अनुभव वाईट आहे. वरच्या मागच्या दाढेसाठी भरणी केली, अनेक महिने थांबलो, मग इम्प्लांट बसवले आणि दोन वर्षांच्या आतच ते हलू लागले. दवाखान्याचे नाव घेत नाही, परंतु जी पावडर भरली तीच हलक्या दर्जाची असणार याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझा सल्ला सरळ आहे : भरणीच्या नादी लागू नये.

मिरज_वाटेवर :
अण्णा, राग मानू नका, पण आपण धूम्रपान करता का? भरणी आणि इम्प्लांट फसण्यामागे तंबाखू हे मोठे कारण मानले जाते. धुरामुळे हिरडीचा रक्तपुरवठा आकसतो आणि जखम भरून येण्यास विलंब होतो.

निपाणी_अडतदुकान :
आमचा व्यापारच तंबाखूचा आहे, त्यामुळे जेवणानंतर एखादी विडी होणारच. आमच्या वडिलांनी जन्मभर विडी ओढली आणि त्यांचे दात शेवटपर्यंत शाबूत होते. उगाच दोष विडीला देऊ नये.

निवृत्त_हेडमास्तर_शहापूर :
मी डॉक्टर नाही, मात्र पत्नीच्या उपचारांच्या निमित्ताने या विषयाचे पुष्कळ वाचन झाले. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी दाखवले आणि १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले, तेव्हा ही पद्धत नवखी नाही. भरणीबाबत आजवरच्या अभ्यासांचा एकूण सूर असा, की खडबडीत पृष्ठभागाची आजची इम्प्लांट्स सायनस लिफ्ट केलेल्या हाडातही बहुधा मूळ हाडातल्या इम्प्लांटांइतकीच टिकतात आणि दहा वर्षांनंतरही शंभरातील नव्वदांहून अधिक तोंडात असतात. सायनसमध्ये नव्हे, तर हिरडीच्या बाजूने जबड्याची उंची वाढवण्याची भरणी मात्र तेवढी भरवशाची नसते. त्यामुळे ‘भरणी टिकते का’ असे एकत्रित विचारण्याऐवजी कोणती भरणी, कोठे आणि किती, असे विचारणे योग्य ठरेल.

हे आकडे वाचताना एक सावधगिरी बाळगावी. बहुतेक अहवालांत इम्प्लांट तोंडात आहे की नाही एवढेच मोजतात; भोवतीचे हाड झिजत असले किंवा हिरडीतून पू येत असला, तरी ते जमेलाच धरले जाते. १९८६ साली आल्ब्रेक्ट्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या कसोट्यांत पहिल्या वर्षानंतर हाडाची झीज दरवर्षी ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी असावी अशी अट होती. म्हणून केवळ कॅप शाबूत आहे यावर समाधान न मानता अधूनमधून एक्स-रे काढून आधीच्याशी ताडून पाहावा.

पावडरीला दोष देणाऱ्या अडतदुकानदारांना एवढेच सांगतो, की ती पावडर केवळ आधार देते. नवे हाड सायनसच्या तळाकडून आणि भिंतींकडून आत वाढत येते आणि त्यास काही महिने लागतात. भराव टाकलेली जमीन बसल्याशिवाय आपण तिच्यावर पाया घालत नाही, तसेच हे आहे. मूळ हाड ४-५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर जोखीम वाढते, आणि विचारणाऱ्यांचे हाड नेमके त्या सीमेवर आहे.

चिकोडी_शाकाहारी :
सर्वांना एक विचारतो. ही पावडर गायीच्या हाडापासून बनवतात असे ऐकले, ते खरे आहे काय? आमच्या घरी हे चालणार नाही.

यळ्ळूरची_सून :
खरे आहे. बायो-ऑस हे बहुतेकांना ठाऊक असलेले नाव गोवंशाच्या हाडातील खनिजाचे आहे. त्यातील सेंद्रिय भाग काढून टाकलेला असतो. वरून घालायचे कोलॅजनचे पटलही प्रायः डुकराच्या किंवा गायीच्या ऊतींचे असते. ज्यांना हे नको असेल त्यांच्यासाठी कॅल्शियम फॉस्फेटची कृत्रिम पावडर मिळते किंवा स्वतःच्याच जबड्याचे हाड वापरता येते, मात्र हे शस्त्रक्रियेपूर्वी सांगावे लागते. संमतीपत्र आमच्याकडे बहुधा कन्नड आणि इंग्रजीत असते, तेव्हा साहित्य कशाचे आहे हे मराठीत समजावून घेतल्यावाचून सही करू नये.

आणखी एक गोष्ट. सासूबाईंना हाडे ठिसूळ झाल्याबद्दल वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक ॲसिडचे सलाइन दिले जात होते. दातांच्या डॉक्टरांना हे कळताच त्यांनी इम्प्लांटचा बेत थांबवला, कारण अशा औषधांमुळे जबड्याचे हाड मृत होण्याचा धोका असतो. आठवड्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही हे लपवू नये.

कॅम्प_बेळगाव :
धागा भरकटला. ज्यांना बजेटची अडचण आहे त्यांनी नेहरूनगरच्या केएलईच्या दंत महाविद्यालयात चौकशी करावी. पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. खर्च कमी लागतो, खेपा मात्र जास्त पडतात.

मिरज_वाटेवर :
बेळगावात कशाला अडकायचे? दवाखान्यांसाठी मिरज पूर्वीपासून प्रसिद्ध आहे आणि रेल्वेने थेट जाता येते.

कॅम्प_बेळगाव :
शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी गाल सुजलेला असताना ती रेल्वे थेट वाटत नाही. सायनसचे पातळ आवरण फाटणे ही या शस्त्रक्रियेतील नेहमीची अडचण आहे आणि तसे झाले तर डॉक्टर जवळ असलेलेच बरे.

टिळकवाडी_पहिलेगेट :
पुन्हा सांगतो, कोठेही करा, पण स्विस करा. डब्यावरचा लॉट क्रमांकाचा स्टिकर मागून घ्या. माझ्याकडे अजून आहे.

निवृत्त_हेडमास्तर_शहापूर :
स्टिकरचा मुद्दा योग्य आहे, कारण पुढे स्क्रू सैल झाल्यास कोणत्या कंपनीचे साहित्य आहे हे दुसऱ्या डॉक्टरांना त्यावरून कळते. विचारणाऱ्यांनी मात्र प्रथम साखर आटोक्यात आणावी. नियंत्रित मधुमेहात इम्प्लांट व्यवस्थित टिकते, ७.८ वर भरणी करण्यापेक्षा ते सातच्या आसपास आणून मग करणे शहाणपणाचे.

खानापूर_स्टेशनरोड :
सर्वांचे आभार. मास्तरांचे उत्तर घेऊन मी माझ्या डॉक्टरांकडे पुन्हा गेलो आणि बराच विचार करून इम्प्लांट न करता तीन दातांचा ब्रिज, म्हणजे शेजारच्या दोन दातांच्या आधारावर मधला कृत्रिम दात, बसवण्याचे ठरवले आहे. शेजारचे दोन्ही दात आधीच कॅप घातलेले असल्यामुळे ब्रिजसाठी चांगले दात घासावे लागत नाहीत, भरणीचे महिने वाचतात आणि खर्चही बजेटात बसतो. त्या दोन्ही दातांच्या मुळांचे एक्स-रे काढून ती भक्कम असल्याची खात्री करून घेतली आहे.

निवृत्त_हेडमास्तर_शहापूर :
मला हा निर्णय पटत नाही. रूट कॅनल झालेले दात ब्रिजचा भार घेताना तडकण्याचा संभव अधिक असतो आणि दाढेखालचे हाड आणखी झिजत जाईल, मग पुढे भरणी करू म्हटले तर ती अवघड होईल.

यळ्ळूरची_सून :
मलाही इम्प्लांटच योग्य वाटत होते. निदान ब्रिजखाली अन्न अडकते तेथे रोज बारीक ब्रश फिरवा आणि सहा महिन्यांनी तपासणी चुकवू नका.

खानापूर_स्टेशनरोड :
पुढच्या आठवड्यात माप द्यायचे आहे. ब्रिजच्या कॅप झिर्कोनियाच्या घ्याव्यात की धातूवर सिरॅमिक चढवलेल्या, हे कोणी सांगेल का? बजेट तेच आहे.

टिळकवाडी_पहिलेगेट :
झिर्कोनिया, तेही जर्मन. पैशाचा विचार करू नका.