मेंढरांच्या नाकातून अळ्या पडताहेत, औषध कोणतं द्यावं?

जतचा_मेंढपाळ:
रामराम मंडळी. जत तालुक्यात माझी माडग्याळ जातीची चौदा मेंढरं आहेत. दिवाळीपासून सगळी शिंकताहेत, नाकाला घट्ट शेंबूड, दोघींच्या शेंबडात रक्त दिसतंय. ऊन चढलं की चरायचं सोडून एकमेकींच्या पोटाखाली नाकं खुपसून उभी राहतात. काल एकीच्या शिंकेसरशी बोटाच्या पेराएवढी अळी पडली, पिवळसर, अंगावर काळे पट्टे. जंताचं अल्बेंडाझोल मागच्याच महिन्यात पाजलंय, मग हे कुठून आलं? गावात तंबाखूचं पाणी नाकात सोडा म्हणताहेत. काय करू?

माणदेशी:
दादा, आधी ते तंबाखूचं पाणी बाजूला ठेवा. रॉकेल, फिनेल, काहीच नाकात ओतू नका. अळी कपाळाच्या पोकळीत बसलेली असते, तिथवर ते पोचत नाही. श्वासनळीत मात्र उतरतं आणि मेंढरू न्यूमोनियानं जातं.
ही नाकातल्या माशीची अळी. माशी अंडी घालत नाही, उडता उडता नाकपुडीपाशी जिवंत अळ्या सोडते. म्हणून तर मेंढरं नाक लपवतात. अळी आत वाढते, शिंकेतून बाहेर पडते, मातीत कोष करते आणि त्यातून पुन्हा माशी. पडलेली अळी दिसली की तिथंच चिरडा.

पशुवैद्यक_खटाव:
अल्बेंडाझोलचा या अळीवर उपयोग होत नाही. आयव्हरमेक्टिन लागतं: एक टक्क्याचं इंजेक्शन, 50 किलो वजनाला 1 मिली, कातडीखाली. म्हणजे 25 किलोच्या मेंढीला अर्धा मिली. अंदाजानं टोचू नका, ताणकाट्यावर वजन करा. शिंकणारीच नाही, सगळा कळप एकाच दिवशी घ्या. क्लोसँटेलही चालतं, पण त्याचा डोस जास्त झाला तर मेंढरू आंधळं होतं, म्हणून ते डॉक्टरांच्या हातूनच. बाटलीवर लिहिलेला काळ संपेपर्यंत मेंढरू कापायला विकू नका, दूधही घरात वापरू नका.
ताप आहे का? ओठ सुजलेत, तोंडात फोड, हगवण? तसं असेल तर नीलजिव्हा किंवा पीपीआर हा विषाणूचा रोग असू शकतो, मग वाट पाहू नका.

जतचा_मेंढपाळ:
ताप नाही डॉक्टर, तोंडं स्वच्छ आहेत. पण एक मेंढी मान वाकडी करून एकाच बाजूला गोल फिरतेय. आणि दोन गाभण आहेत.

पशुवैद्यक_खटाव:
गोल फिरणारीला आधी दाखवा. नाकातल्या अळीनंही असं होतं, पण गिड असेल तर मेंदूत पाण्याची गाठ असते आणि आयव्हरमेक्टिननं ती जात नाही. तो रोग कुत्र्याकडून येतो; कुत्र्याला जंताचं औषध द्या आणि मेलेल्या मेंढराचं डोकं त्याच्यापुढं टाकू नका. गाभणींना आयव्हरमेक्टिन चालतं, फक्त धरताना आपटू नका. जनावरांच्या दवाखान्याच्या 1962 या नंबरला फोन करा, फिरतं पथक येतं.

आटपाडीची_ताई:
दादा, कळपात उभं असताना तुम्हीही डोळे सांभाळा. ही माशी माणसाच्या डोळ्यावरही अळ्या सोडते. माझ्या दिराच्या डोळ्यात कुसळ गेल्यासारखं खुपत होतं, डॉक्टरांनी बारीक अळ्या काढल्या. चोळू नका, तडक डोळ्याच्या डॉक्टरकडे जा.

जतचा_मेंढपाळ:
फोन लावला, उद्या सकाळी पथक येतंय. ताणकाटा शेजाऱ्याकडून आणलाय. आज रात्री सगळी वाघरीतच (जाळीच्या कुंपणात) ठेवतो, म्हणजे सकाळी एकही सुटायची नाही.